नाळेतलं सोनं

"फोडा मुखवटा," दादासाहेब शेलार म्हणाले. "तुकडा सातारला सराफाकडं धाडू. बाकीचं मोडीत घालू आन् दुसऱ्या ओताऱ्याकडनं नवा करून घिऊ. चोराच्या हातची देवी ह्या गावाला नगं."

वाघजाईच्या देवळापुढं सगळं बेलघर गोळा झालं होतं. मधे घोंगडीवर देवीचा नवा मुखवटा ठेवलेला, नुकता घासूनपुसून लखलखीत केलेला. आणि त्याच्यासमोर, तो ज्यांनी ओतला ते आमचे अण्णा, कराडचे हरिबा ओतारी, खाली मान घालून उकिडवे बसलेले.

अण्णा आणि खाली मान! माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. ह्या माणसाला मी कधी गप्प बसलेलं पाहिलंच नव्हतं. आमटीत मीठ कमी पडलं तरी आमच्या आळीला कळायचं. स्वतःच्या कामाची तारीफ स्वतःच करायचे, दुसऱ्यावर सोडायचेच नाहीत. कुठल्याही गावात शिरलं की आधी देवळातली घंटा वाजवून बघायचे आणि म्हणायचे, "माझी न्हाई ही. माझी असती तर आजून वाजत ऱ्हायली असती." आणि आज त्यांना भर गावात चोर म्हणत होते आणि हे जमिनीकडे बघत होते.

प्रकरण असं होतं. जुना मुखवटा झिजून देवीचं नाक सपाट झालं होतं, म्हणून गावानं नवा ओतायचं ठरवलं. देवीचं काम गावातच व्हायला हवं, अशी तिथली रीत. अण्णा भाता, मूस, मेणाचा साचा सगळं घेऊन बेलघरात गेले आणि देवळामागं भट्टी लावली. घरोघरची मोडकी तांब्यापितळेची भांडी, थोडं शिसं, एखाददुसरा चांदीचा तोडा असं सगळं मुशीत वितळवलं. सोनं सर्वांत शेवटी. ते घालायचा मान गावच्या सवाष्णींचा. एकेकीनं यायचं, नाकातली फुली म्हणा, डोरल्यातला मणी म्हणा, जे द्यायचं ते अण्णांच्या लांब दांड्याच्या पळीत टाकायचं, आणि अण्णांनी ते मुशीत सोडायचं. हे सगळं सोनं गावच्या पोतदार सोनारानं आधी तोलून सगळ्यांसमोर सांगितलं होतं. दोन तोळे भरलं होतं.

मुखवटा उतरला झकास. पण तोलायला घेतला आणि घोटाळा झाला. ओतकामात थोडी घट येतेच, ती अण्णांनी आधी सांगितलेली असते. ही घट सांगितल्याच्या दुप्पट निघाली. मग पोतदारानं मुखवट्याची कड कसाच्या दगडावर घासून पाहिली, तर सोन्याचा मागमूस नाही. गावाला तेवढं पुरलं. देवस्थान कमिटीचे अध्यक्ष दादासाहेब, त्यांनी अण्णांना कराडहून बोलावून घेतलं. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते, रविवार होता, आणि अण्णा एकटे जाताना मला बघवेना, म्हणून मीही एसटीत चढले.

"दादासाहेब," मी म्हणाले, "मुखवटा कशाला फोडता? नाळ आहे ना."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. देवळापुढच्या बैठकीत बाईमाणूस बोलायची पद्धत नव्हती, त्यात मी चोवीस तास जिभेला धार लावून बसलेली ओताऱ्याची पोर.

"शालन, गप," अण्णा पुटपुटले.

"का गप? नाळ कुठं आहे, गुरवमामा?"

"देवीच्या पायाशी," शिवा गुरव म्हणाले. "माझ्याच हातानं ठेवलीया."

रस ज्या वाटेनं साच्यात ओततात, त्या वाटेत थिजून राहिलेला दांडा म्हणजे नाळ. साचा फोडला की ती कापून काढतात. इतर ठिकाणी ओतारी ती घेऊन जातो. बेलघरात मात्र ती मुखवट्याबरोबर जन्मली म्हणून यात्रा होईस्तोवर देवीपाशीच ठेवायची. म्हणजे अण्णांचा हात काही तिला पुन्हा लागलेला नव्हता.

"एकाच मुशीतला रस," मी म्हणाले. "जे नाळेत तेच मुखवट्यात. नाळेचा कीस काढा, मी तुमच्यासमोर तो तेजाबात विरघळवते. सोनं असेल तर ते तेवढं मागं राहील."

"पोतदार, व्हय का हे?" दादासाहेबांनी विचारलं.

पोतदार भला माणूस. डोकं खाजवत म्हणाला, "हुतं तसं. मुठभर पितळंत चिमूटभर सोनं असंल तर कसावर दिसायचं न्हाई, हे बी खरं. पण माझ्यापाशी तेजाब थेंबभर. ह्याला बाटली पायजे."

"बाटली मी आणते."

"आन् सोनं न्हाई निघालं तर?" दादासाहेबांनी मला नाही, अण्णांना विचारलं.

अण्णांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. "न्हाई निघालं तर मुखवटा मी माझ्या हातानं घण घालून फोडीन. आन् ह्या खोऱ्यात पुन्यांदा भट्टी लावनार न्हाई."

ह्या खोऱ्यावर आमचं घर चालत होतं. पण मला त्या वेळी घराचं सुचलं नाही. अण्णांनी स्वतःच्या हातानं देवीच्या त्या डोळ्यांवर घण घातला असता तर त्यानंतर ते अण्णा राहिले नसते, एवढंच मला कळत होतं.

संध्याकाळी घरी आल्यावर मी त्यांना धरलंच. "अण्णा, पितळेतलं जस्त उडालं ना?"

"उडालं."

"एवढं? मूस फार वेळ आचेवर ठेवली तरच एवढं उडतं. तुम्हीच सांगता, सोनं पडलं की लगेच ओता, पितळ ताटकळत ठेवू नका म्हणून."

"व्हय."

"मग का ठेवलीत?"

"ठिवली म्हंजी ठिवली. जेवून घे."

"बायकांचं मानापानावरून भांडण झालं असेल. पहिली कोण, दुसरी कोण. मग तसं सांगा की त्यांना! तुमच्या भांडणापायी घट आली म्हणावं!"

अण्णा ताटावरून उठून गेले. मला असा राग आला म्हणता! स्वतःची बाजू मांडायची सोडून माणूस तोंडाला कुलूप लावून बसतो म्हणजे काय?

आमच्या केमिस्ट्रीच्या परांजपे मॅडमनी नायट्रिक ॲसिडची बाटली दिली, वर दहा सूचना दिल्या आणि म्हणाल्या, "वारा पाठीवर घेऊन उभी राहा, आणि विहिरीचं पाणी वापरू नकोस." डिस्टिल्ड वॉटरच्या बाटल्याही त्यांनीच दिल्या. भुशाच्या टोपलीत सगळं नीट बसवून, मांडीवर घेऊन मी पुन्हा बेलघरला आले. यात्रा दोन दिवसांवर आली होती. देवळापुढं मांडव पडला होता आणि यात्रेच्या पाहुण्यांमुळं गर्दी पहिल्यापेक्षा दुप्पट झाली होती.

नाळ गुरवमामांनी गाभाऱ्यातून आणली. कानस दादासाहेबांच्याच घरची. कीस काढला दादासाहेबांच्या गड्यानं आणि तोलला पोतदारानं, चार तोळे. मी कशालाही हात लावला नाही. शेगडीवर वाळूची कढई, वाळूत काचेचं भांडं, भांड्यात तो पिवळा कीस. मग मी बाटली उघडली आणि काठाकाठानं ॲसिड सोडलं.

तांबूस धूर असा उसळला की पुढच्या रांगेतली पोरंटोरं किंचाळत मागं पळाली. भांड्यात रटरट उकळू लागलं. हळूहळू पाणी हिरवं, मग निळं झालं.

"आगं बाई, मोराच्या मानंवानी!" कुणीतरी म्हणालं.

"तांबं विरघळतंय," मी सांगितलं. "जस्त, शिसं, चांदी सगळं विरघळणार."

गुरवमामांना गप्प राहवेना. "काय गं पोरी, तांब्यानं काय घोडं मारलंय तुझ्या तेजाबाचं? तांबं खातंय, रुपं खातंय, आन् सोन्याला म्हणं हात लावत न्हाई!"

"मामा, तुमच्या डोंगराची माती तांबडी का?"

"का म्हंजी? हायच तांबडी."

"तिच्यात लोखंड आहे. पण नांगरताना कधी कुणाला सुटं लोखंड सापडलं?"

"लोखंड? न्हाई बा. फाळ मोडला तर सापडंल."

"सापडणारच नाही. लोखंडाला एकटं राहवतच नाही. हवा दिसली, पाणी दिसलं की गेलं मिठी मारायला. त्याचाच गंज होतो, त्याचीच माती. मग भट्टीत घालून पुन्हा सोडवावं लागतं. जस्त तर त्याहून उतावळं. तांबं मधल्या मनाचं, कधी सुटं मिळतं, एरवी दगडात अडकलेलं. आणि सोनं? लाखो वर्षं नदीच्या वाळूत लोळू दे, पिवळं ते पिवळंच."

"म्हंजी सोन्याला कुनी इचारतच न्हाई म्हन की."

"विचारतात हो! तेच दाद देत नाही. प्रत्येक धातूच्या कणापाशी बाहेरच्या अंगाला देण्यासारखं एक बारीकसं काहीतरी असतं. विजेचा कण म्हणतात त्याला. लोखंड, जस्त चटकन देऊन टाकतात, आणि ज्याला दिलं त्याच्याशी बांधले जातात. सोनं मूठच उघडत नाही. म्हणून ते मोकळं राहतं."

"आत्ता गं! चिक्कू हाय म्हनून शुद्ध व्हय! आमच्या अध्यक्षावानी?" गुरवमामा बोलून गेले आणि सगळा मांडव हसला. दादासाहेबांनी एकदा नुसतं बघितलं, तसं हसू विरलं.

"आणि ते जस्त," मी संधी साधून आवाज चढवला, "तेच तर उडालंय. मूस आचेवर राहिली की जस्त हवेला मिठी मारून पांढरा धूर होऊन जातं. भट्टीच्या तोंडाशी कापसासारखं पांढरं दिसलं की नाही, मामा?"

"दिसलं की. लई दिसलं."

"हीच तुमची घट. तुमच्या बायका मानासाठी भांडत बसल्या असतील, तोवर मूस आचेवर राहिली."

"छ्या!" गुरवमामा म्हणाले. "भांडन कुठलं? औंदा समद्या एका रांगंत आल्या. घटकाभरात समद्यांनी सोनं टाकलं न् गेल्या. आमी परसादाला बसलो. हरिबा एकलाच मुशीपाशी. म्हनला, मी जरा थांबतो."

मी अण्णांकडे पाहिलं. ते शेगडीकडे पाहत होते.

भांड्यातलं उकळणं थांबलं. मी वरचं निळं पाणी ओतून काढलं, डिस्टिल्ड वॉटरनं धुतलं. गुरवमामा तीर्थाचा तांब्या घेऊन पुढं आले, तर मी त्यांना हातानंच अडवलं. तुमच्या विहिरीच्या पाण्यानं चांदी दह्यासारखी फाटेल, मग काय ते कळायचं नाही, म्हटलं. पुन्हा धुतलं, गाळलं, आणि गाळणकागद उघडून पाटावर ठेवला.

कागदावर काळपट तपकिरी पूड होती, चिमूटभर.

दादासाहेब वाकले, नीट पाहिलं आणि हसले. "ही तपकीर हाय व्हय सोनं? ओढू का एक चिमूट?"

मांडवात पुन्हा हसू फुटलं. मला ठाऊक होतं की सोन्याची बारीक पूड अशीच दिसते, पुस्तकात वाचलेलं होतं, प्रयोगशाळेत पाहिलेलं होतं. पण तीनशे माणसं हसायला लागली की पुस्तक कुठं राहतं?

"सरक," अण्णा म्हणाले.

ते उठून माझ्या शेजारी येऊन बसले होते. पिशवीतून त्यांनी कोळशाचा तुकडा काढला, त्याला नखानं खळगा केला, पूड त्यात सोडली, वर मळ ओढून घ्यायला टाकणखाराची चिमूट. दिवा जवळ ओढला आणि फुंकणी ओठाला लावली. आणि गाल फुगवले ते फुगवलेच. मधे दम घेतला असेल तर मला दिसला नाही. दिव्याची ज्योत आडवी होऊन सुईसारखी त्या खळग्यात शिरली. टाकणखार फुगला, बसला, काचेसारखा वितळला. पूड लाल झाली. आणि मग एकाएकी ती गोळा झाली, थरथरली, आणि तिचा गोल मणी होऊन गरगर फिरायला लागला.

अण्णांनी फुंकणी खाली ठेवली. मणी निवला. बाजरीच्या दाण्याएवढा होता आणि असा पिवळा होता की मांडवातलं हसू जागच्या जागी थांबलं.

"आयला," पोतदार म्हणाला.

त्यानं तो चिमट्यानं उचलला, कसावर ओढला, रेघेवर तेजाबाचा थेंब टाकला. रेघ हलली नाही. "बावनकशी," तो म्हणाला. मी तर उभी राहून टाळीच वाजवणार होते. मग त्यानं काटा काढला, एका पारड्यात मणी, दुसऱ्यात गुंजा. तोलला. पुन्हा तोलला. ओठ हलवत हिशेब करायला लागला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काय झालं? कमी हाय?" दादासाहेब म्हणाले.

"कमी न्हाई, दादासाहेब. जास्त हाय. चार तोळं किसात गुंजभर सोनं निघाया पायजे हुतं, फार तर वर जरासं. हे दीड गुंजंच्या बी वर चाललंय. ह्या हिशेबानं समद्या मुखवट्यात तीन तोळं भरतंय. आन् आपण तर दोन तोळं दिलंतं."

मग मागून एक म्हातारी ओरडली, "वाघजाईच्या नावानं चांगभलं! आईनं वाढवलं गं सोनं!" आणि बघता बघता अर्ध्या मांडवानं हात जोडले. दादासाहेबांनीही जोडले.

अण्णांनीही जोडले. आणि इथंच मी माझी अक्कल पाजळली.

"चमत्कार-बिमत्कार काही नाही," मी म्हणाले. "जस्त उडालं म्हणून हिशेब किंचित हलेल. पण तोळाभर? सोनं उगवत नाही आणि जळतही नाही. जेवढं घातलं तेवढंच निघतं. तीन तोळे निघालं म्हणजे कुणीतरी तीन तोळे घातलं."

"शालन, बास कर!" अण्णा केवढ्यानं ओरडले! मी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. सोनं निघालं होतं, चोरीचा डाग धुतला गेला होता, आणि माझ्या बापाच्या तोंडावर भीती होती.

दादासाहेबांनी जोडलेले हात सोडले. "हरिबा, पोरगी बराबर बोलती. तोळाभर सोनं कुनाचं? आन् समद्या बायका गेल्यावर मूस आचेवर कशापायी ठिवली?"

"चुकलं माझं," अण्णा म्हणाले. "अंदाज चुकला. हात जरा जड पडला."

अण्णांचा अंदाज चुकला! हे वाक्य त्यांच्या तोंडून मी तोवर ऐकलं नव्हतं, पुढंही ऐकलं नाही. चोर म्हटलेलं त्यांनी मुकाट ऐकून घेतलं होतं, आणि आता भर गावात स्वतःचं कसब खाली टाकत होते. मला रडूच फुटायला आलं.

"त्येंचं काय बी चुकलं न्हाई."

बायकांच्या घोळक्यातून एक बाई पुढं आली. पांढरं कपाळ, मोकळा गळा, डोक्यावरचा पदर हातानं घट्ट धरलेला. दादासाहेबांच्या थोरल्या भावाची बायको, बायजाक्का. मागच्याच साली तिचा नवरा गेला होता.

"वैनी, तुमी घरी जावा," दादासाहेब म्हणाले.

"जाते. बोलते न् जाते. त्ये तोळाभर माझं हाय. माझ्या डोरल्याच्या वाट्या न् मनी. गळ्यातनं काढल्यापासनं गाडग्यात पडलं हुतं. भट्टी लागली त्या दिशी सकाळी पान्याला जाताना ह्या दादाला म्हनलं, मला बी द्यायचंय देवीला. पर मला रांगंत कोन हुबं करनार? त्ये म्हनले, गाव पांगलं की ये, मी मूस धरून ठिवतो."

"मग आलीस का न्हाईस लगीच?" गुरवमामांनी विचारलं. "हरिबा बिचारा तासन् तास भाता मारत बसला हुता."

"कशी येनार?" बायजाक्का म्हणाली. "भावजी परसाद घिऊन घरी आलं, त्ये वट्यावर बसलं. माझ्या दाराम्होरं. दिस कलला तरी उठनात. उठलं तवा मी मागल्या दारानं पळाले. रस तसाच तापवून ठिवला हुता ह्या मानसानं. मी म्हनलं, दादा, माझ्या हातचं देवीला चालंल का? तर म्हनले, टाक पळीत." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मीच त्येस्नी आन घातली हुती, कुनाला सांगू नगा म्हनून. चोर ठरले तरी त्येनी सांगितलं न्हाई. आता मला ऐकवंना."

दादासाहेबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "सवाष्नीच्या मानात इधवेचं सोनं? देवीच्या तोंडावर? इटाळ केलात दोघांनी! काढा ते भाईर!"

आणि मग अण्णा उभे राहिले. पुरते उभे राहिले, पाठ ताठ, मिशी ताठ.

"काढा," ते म्हणाले. "मुखवटा म्होरं हाय. तुमच्या घरच्या सवाष्नीचं कुठलं न् बायजाक्काचं कुठलं, बोट ठिवून दावा. तेवढं कापून देतो."

दादासाहेब माझ्याकडे वळले. "काय गं, तुझं तेजाब कामाचं हाय. येतं का येगळं करता?"

"तांब्यातनं सोनं वेगळं करता येतं, दादासाहेब," मी म्हणाले. "सोन्यातनं सोनं नाही."

बायजाक्का दिराच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. घराबाहेर तिनं त्यांच्याकडे मान वर करून कधी पाहिलं नसेल. "भावजी, त्या वाट्या कराडास्नं कुनी आनल्या? तुमी न् त्येनीच गेला हुता की गाडी जुपून. तुमी इवलंसं हुता. पुडी तुमच्या मुठीत दिली हुती म्हनं, आन् घरी येस्तवर तुमी मूठ सोडली न्हाई, झोपंत बी न्हाई. त्ये किती येळा सांगायचे मला. त्येंच्या हातचं माझ्यापाशी तेवढंच हुतं. त्येच देवीला दिलं. त्यात इटाळ कुठला आला?"

दादासाहेब मुखवट्याकडे बघत राहिले. मोठा धिप्पाड माणूस, बघता बघता त्यांची हनुवटी कापायला लागली. त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली. सगळा मांडव दुसरीकडे बघायला लागला.

टोपी खाली घेत ते म्हणाले, "पोतदार, त्यो मनी हिकडं द्या." मणी त्यांनी कपाळाला लावला आणि गुरवमामांच्या हातावर ठेवला. "देवीच्या कपाळाला बसवा. आन् वैनी, यात्रंच्या दिशी घरात बसू नगा. पालखीम्होरं पयली ओटी तुमची."

बायकांतल्या दोघीतिघी सरकल्या आणि बायजाक्काला त्यांनी आपल्यात घेतलं.

"हरिबा," दादासाहेब टोपी घालत म्हणाले, "चुकलो बाबा."

"चुकला तर चुकला, ऱ्हाऊ द्या त्ये!" अण्णांचा आवाज असा घुमला की मांडवावरची कबुतरं उडाली. "आधी डोळं बघा तिचं, डोळं! आठ दिस झालं मुखवटा तोलताय, घासताय, एकानं तरी डोळं बघितलं का? अस्सं डोळं ह्या सातारा जिल्ह्यात दुसऱ्या कुनी वतलं असतील तर नाव सांगा!"

परतीच्या एसटीत अण्णांना बसायला जागा मिळाली, पण ते बसले नाहीत. दांडा धरून उभे राहिले, कारण उभं राहिलं की पुढच्या सीटवाल्यांनाही ऐकू जातं. "ही माझी पोरगी," त्यांनी सुरुवातच अशी केली. पाटण सुटेस्तोवर तेजाबाचा धूर झाडाएवढा झाला होता. मल्हारपेठेला मणी ज्वारीएवढा झाला. पुढच्या थांब्याला नवी माणसं चढली, तसं अण्णांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं आणि तेवढ्यात मणी हरभऱ्याएवढा झाला. मी काचेच्या रिकाम्या बाटल्या मांडीवर धरून बसले होते. धोतरवाले, पागोटेवाले वळून वळून माझ्याकडे बघत होते, आणि मला, खोटं कशाला सांगू, ते फार आवडत होतं.

कंडक्टर तिकिटं फाडायची विसरून ऐकत होता. "पर बाबा, त्ये जास्तीचं तोळाभर कुनाचं निघालं शेवटी?"

अण्णा एवढा वेळ धबधब्यासारखे बोलत होते, ते थांबले. "देवीचं," म्हणाले. "दुसऱ्या कुनाचं आसतंय?" आणि बायजाक्काचं नाव त्या गाडीत निघालं नाही, अण्णा असेपर्यंत कुठल्याही गाडीत निघालं नाही.

कंडक्टरचं समाधान झालं नव्हतं. तो माझ्याकडे वळला. "ताई, तुमी शिकल्यासवरल्या हाय. खरं सांगा. हरभऱ्याएवढा हुता?"

अण्णा दांडा धरून माझ्याकडे बघत होते.

"छे हो," मी म्हणाले, "त्याहून मोठा!"